आठ गाद्या, नऊ माणसं

रविवार, नागपंचमीनंतरचा पाचवा दिवस, सकाळी साडेदहा. ठिकाण कुपवाड, आमच्या कारखान्याची जुनी पॅटर्न शेड. पहिल्या खेपेची जमा एकशे साठ रुपये, माणशी वीसप्रमाणे आठ तिकिटं. हजर: माझी वहिनी शालन, माझी पत्नी सुनीता, मिरजेचे सतारमेकर चाचा, कारखान्यातले मोहिते, त्यांच्या मिसेस, त्यांची सून आणि वहिनींच्या भजनी मंडळातल्या दोघी. सुनेच्या कडेवर चार वर्षांची मुलगी. दाराशी मी, तिकिटाचं पुस्तक घेऊन. आत माझी पुतणी केतकी आणि तिची पुण्याची चित्रकार मैत्रीण रेवती.

असं लिहून ठेवायची मला सवय आहे. अठ्ठावीस वर्षं मी फौंड्रीत स्टोअर सांभाळतो. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक. घरीही माझी एक वही आहे. तिच्यात पावसाळ्यात रोज सकाळी एकच आकडा पडतो: आयर्विन पुलाजवळ नदी किती फूट. सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये माणसं भेटल्यावर "कसं काय" म्हणत नाहीत, "किती फूट?" म्हणतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे दुसरीतल्या पोरालाही पाठ असतं. पावसाळ्यावर लोक सुंदर लिहितात, ते मी वाचतो. माझ्याकडं पावसाळ्याचा हा एवढा एक आकडा आहे.

यंदा आषाढ संपता संपता कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली आणि वहीत तिसाच्या पुढचे आकडे पडायला लागले. त्याच आठवड्यात केतकी आली. ती माझ्या थोरल्या भावाची, दादाची मुलगी. रत्नागिरीला समुद्रातल्या जिवांचं शिक्षण घेतलं आणि आता कोकणातल्या एका किनाऱ्यावर कासवं राखणाऱ्या मंडळींबरोबर काम करते. दादा वारला तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

"काका, तुमची ती जुनी शेड मिळंल का? आठ दिवस."

"कशाला?"

"समुद्र मांडायचाय."

मी शेडची लांबी, रुंदी, उंची सांगितली. ती हसली आणि म्हणाली, पुरेल.

पॅटर्न शेड म्हणजे ओतकामाचे लाकडी साचे ठेवायची जागा. आता साचे नव्या इमारतीत गेलेत. मालकांनी परवानगी दिली. पोरींनी भिंतींना पांढरा रंग दिला, खिडक्या काळ्या कापडानं बंद केल्या, छताला चार प्रोजेक्टर टांगले. दारावर पाटी लावली: "आत समुद्र आहे." आमच्या मोल्डिंग खात्यातल्या मोहित्यांनी ती वाचली आणि मला म्हणाले, "आवं साहेब, एमआयडीसीच्या नळाला पाणी न्हाई, अन् ह्या पोरी समुद्र आणत्यात! टँकरनं आणत्यात का काय?"

जमिनीवर रेवतीनं दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत एक निळी वळणावळणाची रेघ रंगवली. सुरुवातीला महाबळेश्वर, मग वाई, कराड, सांगली, पुढं कर्नाटक, अलमट्टीचं धरण, आणि शेवटी समुद्र. ही आपली कृष्णा. डोंगरावर उगवते तिथून पश्चिमेचा समुद्र साठ-पासष्ट किलोमीटरवर. तिकडं पाठ फिरवते आणि चौदाशे किलोमीटर चालून दुसऱ्याच समुद्राला मिळते. सांगलीच्या घाटावर सोडलेली पिशवी कुठल्या समुद्रातल्या कासवाच्या पोटात जाईल, हे त्या रेघेवर चालत गेलं की समजायचं. केतकीनं ते समजावताना एकदाही आवाज चढवला नाही. "पिशवी टाकू नका" असं कुठं लिहिलंही नाही. फक्त रेघ.

या रेघेचं मूळ मला माहीत आहे. दोन हजार एकोणीसच्या पुरानंतर आम्ही घर धूत होतो. खालच्या खोलीत ढोपरभर गाळ होता. केतकी खोऱ्यानं गाळ ओढत होती, आणि मधेच थांबून म्हणाली होती, "काका, एवढं पाणी गेलं कुठं?" मी म्हटलं, अलमट्टीला. "आणि तिथनं?" मी म्हटलं, समुद्राला. "मग समुद्रानं काय केलं त्याचं?" मी बादल्या मोजत होतो.

मिरजेला चाचांकडं मीच तिला घेऊन गेलो. चाचांचं दुकान सतारमेकर गल्लीत. तंबोऱ्याचे भोपळे मंगळवेढ्याकडून येतात, ते छताला टांगलेले असतात, वाळत, वर्ष वर्ष. केतकीला आठ भोपळे हवे होते. आतून साफ केलेले, एका बाजूनं कापलेले, माणसाचं डोकं अर्धं आत जाईल एवढे. तिनं समुद्रात माईक सोडून आवाज घेतले होते, ते तिला स्पीकरच्या लोखंडी पेटीतून ऐकवायचे नव्हते.

चाचांनी चष्मा कपाळावर नेला. "तार न्हाई, घोडी न्हाई, खुंटी न्हाई. मग वाजवणार काय बेटा?"

"समुद्र, चाचा."

"समुद्राला सूर हाय?"

"तुम्ही ऐकून सांगा."

तिनं मोबाईलवरचा एक आवाज लावला आणि मोबाईल एका भोपळ्यात ठेवला. चाचांनी कान लावला. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. केतकी म्हणाली, ही एवढीशी कोळंबी, नांगी मिटताना असा आवाज करते, जिवंत खडकावर अशा लाखो असतात. चाचा बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "भोपळा बदल. ह्याची साल जाड हाय. पातळ सालीचा देतो." पैसे त्यांनी घेतले नाहीत. उघडण्याच्या दिवशी तिकीट मात्र काढीन म्हणाले, फुकट ऐकलं तर कानात राहत नाही.

असे आठ भोपळे, आत बारीक स्पीकर बसवून, शेडच्या छतापासून टांगले, प्रत्येकाखाली एक गादी. एकात कोळंबी, एकात माशांचा संध्याकाळचा कालवा, एकात डॉल्फिनच्या टिचक्या. एकात देवमासा. आपल्या बाजूच्या समुद्रात ते आता फार थोडे उरलेत, एकमेकांना लांबून हाका मारतात. त्याच्या शेजारच्या भोपळ्यात तीच हाक, पण वरून जहाज चाललेलं. इंजिनाच्या आवाजात हाक बुडून जाते. केतकी म्हणाली, "दोघं एकाच समुद्रात असतात काका, पण एकमेकांचं ऐकू जात न्हाई." आठव्या भोपळ्यात जवळजवळ काहीच नव्हतं. समुद्र तापला की प्रवाळ पांढरं पडतं आणि मरतं. मेलेल्या खडकावरचे जीव निघून जातात आणि तिथं शांतता होते. ती शांतता तिनं माईकनं घेतली होती.

मी आठही भोपळ्यांत डोकं घालून पाहिलं. मला आठवा बरा वाटला. खरं तर बरा असंही म्हणवत नाही. तिथं बसायला काही त्रास नव्हता.

त्या वर्षीचं, एकोणीसचं, लिहायचं तर आकड्यांनीच लिहितो. आमचं घर नदीकडच्या गल्लीत, वर एक मजला आणि गच्ची. आम्ही पाच सालच्या पुराची खूण जिन्याच्या भिंतीवर केली होती आणि तिच्यावर विश्वास ठेवून बसलो होतो. खुणेपर्यंत पाणी आलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. पाणी खुणेच्या वर गेलं. मग गच्चीवर गेलो. नदी सत्तावन्न फुटांच्या पुढं गेल्याचं मागाहून कळलं.

गच्चीवर नऊ जण होतो. मी, सुनीता, आमचा ओंकार. दादा, वहिनी, केतकी. आणि आमच्याकडं भाड्यानं राहणारं शिक्षक जोडपं आणि त्यांची तीन वर्षांची अन्वी. दादा सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेला. त्यानं पत्रा बांधून आडोसा केला, पावसाचं पाणी पातेल्यात धरलं, बिस्किटांचे वाटे केले. दुसऱ्या दिवशी दुपारी हरिपूरकडची एक होडी आली. होडीवाल्यानं भिंतीला काठी टेकली आणि ओरडला, "आठच. नववा घेतला की उलटी हुईल. धार लय हाय."

दादा मला म्हणाला, "मोज रं सुऱ्या. तुझं मोजणं चुकत न्हाई."

मी मोजलं. मी म्हटलं, "नऊ. एक मागं राहील."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत दादा म्हणाला, "मी थांबतो. पुढच्या खेपंला येतो." मी एकदा म्हटलं, "मी थांबतो की." तो म्हणाला, "तुला पोहायला येतंय का?" येत नव्हतं. दुसऱ्यांदा मी म्हटलं नाही.

होडीत मी सगळ्यात पुढं बसलो. गल्लीतल्या विजेच्या तारा हाताशी आल्या होत्या, त्या काठीनं वर धरायच्या होत्या. मागं बघायला सवड नव्हती. पुढची खेप त्या दिवशी झाली नाही, धार वाढली. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी लष्कराची रबरी होडी आली. दोन रात्री दादा गच्चीवर ओल्या कपड्यांत होता. त्याला खोकला लागला, तो छातीत उतरला. मिरजेच्या दवाखान्यात अकराव्या दिवशी गेला.

दवाखान्यात बाकावर बसून मी औषधांच्या पावतीच्या मागं हिशोब मांडला होता. होडीवाला माणसं मोजत नव्हता, वजन मोजत होता. आठ बापे त्यानं धरले असणार. आमच्यात तीन बायका, एक सतरा वर्षांची किडकिडीत मुलगी, एक पंधराचा मुलगा आणि अन्वी तेरा किलोची. दादाला धरून नऊ जणांचं वजन आठ बाप्यांपेक्षा कमी भरत होतं. मी तीनदा बेरीज केली. तेरा किलोच्या पोरीला मी एक माणूस मोजलं होतं. स्टोअरमध्ये नट आणि शाफ्ट एकाच रकान्यात टाकले तर मी पोरांना झापतो.

हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर कशानं फार वाईट वाटलं असंही झालं नाही. ओंकारला नोकरी लागली, चांगलं झालं. एकवीस साली पुन्हा पाणी घरात आलं, सामान वेळेत हलवलं होतं. लोक रडत होते. मी भिंतीवर नवी खूण केली आणि पुढं तारीख घातली.

वहिनी दादा गेल्यापासून दर पावसाळ्यात वाईला, माहेरी जातात. आषाढ लागला की पिशवी भरतात, गणपतीला परत येतात. माझ्याशी नीट बोलतात, जेवायला वाढतात, औषध घेतलं का विचारतात. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. मी समजून होतो की त्यांना माझं मोजणं माहीत आहे, आणि पावसात माझ्यासमोर बसणं त्यांना नको वाटतं. विचारायची हिंमत झाली नाही. असे पावसाळे गेले.

यंदा केतकीनं फोन केला म्हणून त्या शनिवारी एसटीनं परत आल्या. रविवारी शेडच्या दारात उभ्या राहिल्या, जमिनीवरची रेघ बघितली, वाईवर पाय ठेवला आणि म्हणाल्या, "माझं माहेर हितंच हाय व्हय, चपलंखाली!" चप्पल काढून हातात घेतली.

केतकीनं मला आत जायच्या आधी बजावलं होतं, "काका, एका खेपेला आठच. भोपळे आठच आहेत. तुम्ही मोजून सोडा." तिकिटाच्या स्थळप्रतीवर येणाऱ्याचं नाव लिहायची तिची पद्धत होती. मी नावं लिहीत गेलो. मग सवयीनं पेन्सिलीच्या टोकानं डोकी मोजली आणि माझ्या तोंडून आलं,

"नऊ. एक मागं राहील."

माझं मलाच ऐकू आलं. सुनीतानं खाली बघितलं. मोहिते म्हणाले, "मी ऱ्हातो की साहेब, मला कुठं पवायचं हाय?" सगळे हसले.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी मोहित्यांच्या सुनेकडं बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पोरीला मांडीवर घे गं. आवं भावजी, पोर कुठं मोजत्यात व्हय?"

आणि आत गेल्या. मी दार लोटलं. पुस्तकात आठ तिकिटं फाडलेली होती, ती परत मोजली. आठच होती. मला फक्त हे कळलं की त्यांना अन्वीला मोजल्याचं माहीत होतं.

आतलं मी फटीतून बघत होतो. आधी अंधार, मग जमिनीवर ओल्या वाळूचा उजेड. वाळूतले बारीक खेकडे गोळ्या करून टाकत होते. मग किनारा उजाडला, भरती लागली. रेवतीनं ती फार मन लावून केली होती. निळं पाणी जमिनीवरून सरकत आलं, भिंतीच्या पायाशी लागलं आणि चढायला लागलं. वीतभर. हातभर.

पहिल्यांदा भजनी मंडळातल्या एका बाईंनी लुगड्याचा घोळ वर उचलला. मग मोहित्यांच्या मिसेसनी चपला गादीवर ठेवल्या. कुणीतरी पिशव्या उचलून डोक्यावर धरल्या. चाचा उभे राहिले. अंधारातून मोहित्यांचा आवाज आला, "किती फूट झालं?" आणि त्याला कुणी हसलं नाही. पाणी कमरेएवढं झालं तेव्हा सून पोरीला घेऊन दाराकडं धावली आणि मी दार उघडलं.

दिवे लावले. रेवती मधोमध उभी होती. "अहो, ही तर भरती आहे. नुसता प्रकाश आहे," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला कळत नव्हतं. केतकी भिंतीला टेकून उभी होती. तिला कळायला पाहिजे होतं. ती चार वर्षं समुद्राजवळ राहिली, तिच्या लेखी पाणी म्हणजे समुद्र झालं होतं. सांगलीकराच्या लेखी पाणी म्हणजे पाणीच, आणि ते भिंतीवर चढतं तेव्हा जिना शोधायचा असतो.

रेवती म्हणाली, हा भाग काढून टाकू. केतकी म्हणाली, न्हाई, भरती काढली तर कासव कसं येणार? अर्धा तास दोघी बोलत होत्या. शेवटी मीच म्हटलं, "चढताना दाखवू नका. लोक आत येतील तेव्हा पाणी वरच असू दे, पार छतापर्यंत. आणि मग उतरू दे."

"म्हणजे ओहोटी?"

"उतरताना कुणी पळत नाही. उतरताना माणूस खूण बघतो."

तसं केलं. पुढच्या खेपेपासून माणसं दार उघडून थेट तळाशी जायची. डोक्यावरून माशांची झुंड, वाऱ्यावरच्या गवतासारखी वळणारी. कुणीतरी तोडून सोडलेलं एक नायलॉनचं जाळं, मासेमारी कधीच संपलेली, तरी ते पाण्यात मासे धरतच होतं. पांढरं पडलेलं प्रवाळ. आणि मग पाणी हळूहळू उतरायचं, भिंतीवरून खाली, आणि उघड्या पडलेल्या वाळूवर कासवाची मादी वर यायची, खड्डा करायची, अंडी घालायची आणि निघून जायची. मागं वळून बघायची नाही.

त्यापुढची गोष्ट केतकी सांगायची. ती मला आवडायची, कारण तिच्यात मोजणं होतं. कोल्हीकुत्री खातात म्हणून राखणारी माणसं पहाटे घरट्यातली अंडी काढतात. एक एक हातानं मोजून, शंभरच्या वर असतात, वहीत लिहितात आणि कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल पुन्हा पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात, तीही मोजून समुद्रात सोडतात. एका बाईंनी विचारलं, "आन् त्यातली जगत्यात किती?" केतकी म्हणाली, "हजारात एखादं मोठं होतं म्हणतात."

"मग कशाला मोजायचं एवढं?"

"मोजलं नाही तर गेलेली कळत न्हाईत, मावशी."

आठवडाभर शेड चालली. मिरजेच्या कॉलेजची मुलं आली, विट्याकडची दोन मेंढपाळ कुटुंबं आली, त्यांनी समुद्र पाहिला नव्हता आणि पूरही पाहिला नव्हता. ती तेवढी निवांत बसली. बाहेर नदी पस्तीस झाली, सदतीस झाली. माणसं समुद्रातून बाहेर यायची आणि मला फूट विचारायची. शनिवारी अडतीसला थांबली आणि उतरायला लागली. वहिनी वाईला परतल्या नाहीत. रोज माझ्याबरोबर कुपवाडला यायच्या, शेडबाहेरच्या बाकावर बसायच्या, माणसांच्या चपला नीट लावून ठेवायच्या.

शेवटच्या रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला गर्दी नव्हती. मी दोन चहा आणले. पाऊस थांबला होता. पलीकडच्या कारखान्यात ग्राइंडर चालू होता, तो बंद झाला तेव्हा वहिनी म्हणाल्या,

"भावजी, एक इचारू?"

"विचारा की."

"त्या दिवशी होडीत तुमी पुढं बसला हुता."

"हो. तारा होत्या."

"मागं बघितलंच न्हाई?"

"नाही."

त्यांनी चहाचा कप बाकावर ठेवला. "अन्वी माझ्या मांडीवर हुती. आईकडं जाईना, माझ्या गळ्याला मिठी मारून बसलेली. माझ्या शेजारची फळी मोकळी हुती. एका माणसाची. तिच्यावर मी पिशवी ठिवली. रेशनकार्ड, कागदं."

ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. त्या तो थांबायची वाट बघत बसल्या.

"गल्लीच्या तोंडाशी गेलो तवा माझ्या ध्यानात आलं. ओरडले असते तर त्यानं होडी फिरवली असती. म्या इचार केला, येत्यालच की पुढच्या खेपंला. पिशवीवर हात ठिवून बसले."

मी पावतीमागच्या बेरजेचं सांगितलं. तेरा किलोचं सांगितलं. इतक्या वर्षांनी सांगितलं आणि सांगायला मिनिटभरही लागलं नाही.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "मिरजंला बाकावर तुमी आकडं मांडत हुता, म्या मागनं बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमच्या मोजण्याचं काढलं असतं तर फळीचं निघालं असतं. पाऊस लागला की तुमच्या तोंडाकडं बघवायचं न्हाई मला. म्हणून वाईला जायची."

मी त्यांच्याकडं बघितलं. मला वाटत होतं ते उलटं होतं, किंवा तेच होतं, दोन्ही बाजूंनी. काहीतरी वाटायला पाहिजे होतं. चहा गार झाला होता, तो मी पिऊन टाकला. त्यांनीही प्यायला.

"दादाला फळीचं माहीत होतं?" मी विचारलं.

"गच्चीवरनं दिसत असणार. वरनं सगळं दिसतं." मग म्हणाल्या, "त्यांनी हात केला हुता. जा म्हणून केला का या म्हणून केला, ते काय मला कळलं न्हाई. अजून न्हाई."

चार वाजता शेवटची खेप. सहा माणसं रांगेत आली, सातव्या वहिनी. मी पेन्सिलीनं मोजलं. "सात," मी म्हटलं. पुढं काही म्हटलं नाही. आठव्या भोपळ्याखालची, जिथं काही ऐकू येत नाही ती गादी मोकळी राहणार होती.

वहिनींनी कनवटीची चंची सोडली आणि चाळीस रुपये पुढं केले.

"तुम्हाला कशाला तिकीट?" मी म्हटलं. "तुम्ही घरच्या."

"पहिल्या दिवशी घेतलंसा की. धरा. एक माझं, एक त्या गादीचं. तिच्यावर आज पिशवी ठिवायची न्हाई कुणी."

केतकी दारात उभी होती. तिनं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आत जाऊन आठव्या गादीवरची सुरकुती हातानं सारखी केली.

"नाव काय लिहू?" मी विचारलं.

"तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. सगळे आत गेले आणि मी दार लोटलं. आतलं पाणी छतापर्यंत असणार, आणि आता उतरायला लागणार.

आठ दिवसांची एकूण जमा सहा हजार दोनशे चाळीस रुपये, तिकिटं तीनशे बारा. कडेवरची आणि मांडीवरची मुलं मोजलेली नाहीत. शेवटचं तिकीट, नंबर तीनशे बारा, हवालदार दत्तात्रय यांच्या नावे, रुपये वीस. दिले शालन वहिनींनी, घेतले मी; सोमवारी बाकीच्या रकमेबरोबर केतकीच्या हाती, कोकणातल्या त्या गावी कासवांची अंडी मोजून राखणाऱ्या मंडळींना पोचते केले.